पिकअप मालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न: हौदा, पाटे, घाट आणि रिकॉल

तासगावच्या यार्डात बेदाण्याचा सौदा लांबला की बाहेर गाड्यांची रांग लागते, आणि रांगेतल्या माणसाला बोलण्यावाचून दुसरं काम नसतं. माझ्या दोन पिकअप आहेत. एक शोरूममधून घेतलेली, दुसरी चार हात फिरून आलेली. खालचे प्रश्न त्या रांगेत, विट्याच्या चहाच्या टपरीवर आणि रात्री अकरानंतर फोनवर विचारले गेलेले आहेत. दहातले आठ प्रश्न लाइट, गार्ड आणि जादा पाट्याचे (पाटा म्हणजे मागच्या स्प्रिंगची लोखंडी पट्टी) असतात. रिकॉलचं कुणी विचारत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

रिकॉल म्हणजे काय? कंपनी गाडी परत घेऊन पैसे देते का?

नाही. गाडी तुमचीच राहते. एखाद्या भागात बनावटीचाच दोष निघाला, किंवा कारखान्यात तो नीट बसवला गेला नाही असं लक्षात आलं, की कंपनी त्या काळात बनलेल्या सगळ्या गाड्या तपासायला बोलावते. दोष असेल तर भाग बदलते. भागाचे आणि मजुरीचे पैसे घेत नाही.

आपल्याच प्रकारच्या गाड्यांचं उदाहरण देतो. ऑगस्ट २०२१ मध्ये महिंद्राने जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात बनलेल्या २९,८७८ पिकअप एका फ्लुइड पाइपच्या जोडणीसाठी बोलावल्या होत्या. यात कंपनीला नावं ठेवण्यासारखं काही नाही. दोष लपवणाऱ्यापेक्षा जाहीर करणारा बरा.

आपल्याकडे २०१२ पासून हे काम कंपन्यांच्या संघटनेच्या ऐच्छिक नियमांवर चालायचं. मग २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. आता ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्या तर सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं आणि कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. हा सक्तीचा नियम सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना आहे. कंपनीने आपणहून काढलेल्या रिकॉलला अशी अट नाही, त्यामुळे 'माझी गाडी जुनी झाली' म्हणून विचारायचं सोडू नका.

मला तर काही पत्र आलं नाही. म्हणजे माझी गाडी त्यात नाही ना?

असं मीही समजत होतो.

माझी जुनी पिकअप कराडकडच्या एका गृहस्थाकडून घेतली. त्याच्याआधी ती आणखी तिघांकडे होती. दोन द्राक्ष हंगाम मी ती वाशीच्या मार्केटला पळवली. एकदा क्लचची तार बदलायला अधिकृत वर्कशॉपला गेलो, तिथल्या पोराने संगणकात चेसिस नंबर टाकला आणि म्हणाला, "काका, मागच्या ब्रेक पाइपचं काम बाकी दिसतंय." रिकॉल निघून दोन वर्षं होऊन गेली होती. पत्र गेलं होतं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. त्याने गाडी कधीच विकली होती. त्याने ते पत्र रद्दीत टाकलं असेल तर त्याचं काय चुकलं? काम झालं पाऊण तासात. पण त्या दोन वर्षांत भरल्या गाडीने मी खंबाटकी किती वेळा उतरलो, हे आठवलं की अजून हात गार पडतात.

कंपनी पत्र किंवा मेसेज पाठवते तो तिच्या नोंदीतल्या माणसाला. पिकअप जेवढे हात बदलते तेवढे दुसरी कुठलीच गाडी बदलत नसेल. आरटीओत तुमचं नाव लागलं तरी कंपनीच्या संगणकात जुनंच नाव राहू शकतं. म्हणून आरसी काढा, त्यावरचा १७ अक्षरी चेसिस नंबर घ्या, कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेनच्या रकान्यात टाका. इंटरनेटशी जमत नसेल तर कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून नंबर सांगा. जमलं तर त्याच फोनवर तुमचं नाव आणि मोबाइल नोंदवून घ्या. वर्षातून दोनदा केलं तरी पुरे. मी दसऱ्याला गाडी धुतो तेव्हा आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी करतो.

काम जिथून गाडी घेतली तिथेच करावं लागतं का?

नाही. त्या कंपनीचं कुठलंही अधिकृत सर्व्हिस सेंटर चालतं. सुटा भाग शिल्लक आहे का हे फोनवर विचारूनच जा, नाहीतर सांगली-कोल्हापूर हेलपाटा होतो आणि दिवसाचं भाडं बुडतं. काम झाल्यावर जॉबकार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या कागदावर, रिकॉलचा उल्लेख आणि तारीख लिहून घ्या. गाडी विकताना हा कागद कामाला येतो.

आमच्या मिस्त्रीने तो भाग आधीच बदलला. आता काय?

तरीही दाखवा. बाहेरून बसवलेला भाग जुन्याच बनावटीचा असू शकतो. खर्च परत मागायचा असेल तर बिल लागेल, आणि आपल्याकडे बिल म्हणजे सिगारेटच्या पाकिटावर लिहिलेला आकडा. यापुढे तरी पक्कं बिल मागा.

सर्व्हिस सेंटर टोलवाटोलवी करतंय. दाद कुठे मागायची?

आधी तोंडी भांडण बंद करा आणि लेखी द्या: चेसिस नंबर, तारीख, काय बोललात, कोण काय म्हणालं. एक प्रत कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेलने पाठवा. बहुतेकांचं काम इथेच होतं. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. दोषाचीच तक्रार असेल तर केंद्राच्या वाहन पोर्टलवर रिकॉलसाठी तक्रार नोंदवता येते. सक्तीचा रिकॉल तक्रारींच्या संख्येवर ठरतो, म्हणून गावातल्या चौघांना तोच त्रास असेल तर चौघांनीही नोंदवा.

इथे एक गैरसमज फार आहे. "पिकअप धंद्याची गाडी, त्यामुळे आपण ग्राहक नाही," असं लोकांना सांगून घरी पाठवतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्पष्टीकरण आहे: स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त धरत नाहीत. स्वतः गाडी चालवून पोट भरणारा माणूस ग्राहकच आहे. ५० लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीची प्रकरणं जिल्हा आयोगात चालतात, आणि पिकअपची किंमत त्याच्या फार खाली आहे. दहा गाड्यांचा ताफा ठेवणाऱ्याचं प्रकरण वेगळं, त्याने वकील गाठावा.

समोर गार्ड लावला तर पोलीस खरंच पकडतात का?

पकडतात. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून बुलबार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं. परवानगी नसलेला बदल केला तर कलम १८२-अ खाली दर बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

दंड बाजूला ठेवू. धडक बसली की बंपर आणि त्यामागचे भाग चेपून धक्का खातात, तशी त्यांची रचना असते. गार्ड थेट चेसिसला बोल्टने बांधलेला असतो. मग धक्का सरळ चेसिसला जातो, आणि रस्त्यावरच्या माणसाला लोखंडी पाइप बसतो. आपल्याकडे जनावरं आडवी येतात, कबूल आहे. त्यावर उपाय वेग कमी करणं.

जादा लाइट?

घरचे लाइट आधी नीट करा. निम्म्या गाड्यांचे हेडलाइट पिवळट पडलेले, एक आकाशात, एक गटारीत. काच पुसून, अँगल लावून घेतला तर पन्नास टक्के तक्रारी मिटतात. बाहेरून एलईडी पट्टी लावायचीच असेल तर रिले आणि फ्यूजसह वेगळी वायर ओढा. हेडलाइटची वायर सोलून, चिकटपट्टी गुंडाळून दिलेलं कनेक्शन पावसात गरम होतं. डॅशबोर्डच्या मागून धूर येतो तो बहुतेक वेळा अशाच जोडातून. आणि समोरच्याच्या डोळ्यात मारणारा लाइट रस्त्यावर लावू नका. तोही समोरून तसाच येतोय.

गणपतीत साउंड लावणाऱ्या पोरांसाठी: ॲम्प्लिफायर गाडीच्या बॅटरीवर चालवायचा असेल तर मिरवणुकीनंतर चार्जिंग तपासा. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ 'कट्' करून गप्प बसला की मला फोन येतात.

जादा पाटा टाकून घेऊ का? गाडी मागून बसते.

हा प्रश्न ऊस, वीट आणि वाळू वाहणाऱ्यांचा. जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळ्यांची गल्लत होते.

पाटा टाकल्यावर गाडी वर उचलते, म्हणून वाटतं की ताकद वाढली. वाढते ती फक्त स्प्रिंगची. ब्रेक तेच, टायर तेच, हाउसिंग (मागच्या ॲक्सलचा डबा) आणि ॲक्सल तेच, चेसिस तीच. शिवाय बऱ्याच गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी हौदा आणि ॲक्सल यांतलं अंतर मोजते. हौदा खाली दबला की 'माल आहे' असं समजून मागच्या ब्रेकला जास्त दाब देते, हौदा वर असला की 'गाडी रिकामी' समजून दाब कमी करते. तुम्ही पाटा टाकून हौदा उचललात की दीड टन माल असतानाही त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते. मागचे ब्रेक अर्धेच लागतात, पुढचे लायनर दुप्पट झिजतात, आणि घाटात पेडल दाबलं की नाक जमिनीकडे जातं. मिस्त्री म्हणतो लायनर खराब कंपनीचे. लायनर बिचारे निर्दोष.

बसलेले पाटे बदला, सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट आवळून घ्या, शॅकलचे (पाटा चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश बघा. तरी बसत असेल तर माल जास्त आहे.

किती माल भरायचा हे कसं काढायचं?

आरसीवर दोन आकडे असतात, गाडीचं रिकामं वजन आणि एकूण वजन. वजाबाकी केली की उरतं त्यात माणसं आणि माल दोन्ही आलं. आता तुम्ही हौद्यावर लोखंडी कमान, जाळी, दोन थरांचा फाळका बसवलात आणि त्याचं वजन २०० किलो भरलं, तर तेवढा माल कमी. म्हणून बॉडीकाम झाल्यावर रिकामी गाडी एकदा वजनकाट्यावर घाला आणि पावती डॅशबोर्डात ठेवा.

जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवावा लागतो. माल हौद्याच्या बाहेर आडवा किंवा उंच लोंबत असेल तरी २०,०००. कडब्याच्या पेंढ्या रचणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

खर्च करायचाच आहे तर कशावर करावा?

माझ्या मते: चांगली ताडपत्री, दोरीऐवजी रॅचेटचे पट्टे, हौद्यात रबरी मॅट, आणि परावर्तक पट्ट्या, समोर पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. बिघडलेली गाडी रात्री हायवेच्या कडेला उभी असते तेव्हा मागची लाल पट्टीच तुमची राखण करते. चाकामागे लावायला दोन लाकडी उट्या आणि छोटं अग्निशामक ठेवा. बाकी मागच्या बाजूला काय लिहायचं ते तुमच्या श्रद्धेवर. फक्त 'हॉर्न ओके प्लीज' लिहू नका, त्यावर राज्यात २०१५ मध्येच बंदी आली.

हौदा दोन वर्षांत गंजतो, रंगवून उपयोग होत नाही.

रंगाखाली खत अडकलंय. युरिया, पोटॅश, द्राक्षबागेतलं मोरचूद, गुळाची काकवी, सगळं ओलावा धरून पत्रा खातं. खताची खेप उतरवली की त्याच दिवशी हौदा पाण्याने धुवा, कोपऱ्यातली पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा. मॅट उचलून खालीही धुवा. तसं केलं नाही तर ती मॅटच ओलावा दडवून ठेवते.

घाटात ब्रेकचा वास येतो आणि पेडल खाली जातं.

ब्रेक तापले. पसरणी असो, कुंभार्ली असो की खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावरचं ते एसच्या आकाराचं वळण, नियम एकच: ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, गाडी इंजिनाने आवरा, ब्रेक थोडा दाबा आणि सोडा. पाय सतत ठेवला की ड्रम आणि लायनर तापून पकड जाते.

डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून, इंजिन बंद करून उतरणारे महाभाग अजून आहेत. ब्रेकला जी मदत मिळते ती इंजिन चालू असताना तयार होणाऱ्या व्हॅक्यूमची. इंजिन बंद केलं की दोन-तीन दाबांत ती संपते आणि पेडल दगडासारखं होतं. वाचलेल्या डिझेलचं मोल तेव्हा कळतं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्याने त्याचा उकळबिंदू खाली येतो. दर दोन वर्षांनी बदला, कमी झालेलं नसलं तरी. ही सर्व्हिसिंगमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट.

रोजच्या देखभालीत काय चुकवू नये?

ग्रीसिंग. प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचे) जॉइंट क्रॉस, शॅकल पिना, जिथे निपल आहे तिथे. पावसाळ्यात आणि प्रत्येक वॉशिंगनंतर, कारण प्रेशरचं पाणी ग्रीस बाहेर काढतं. गाडी उचलताना खालून 'टक्' आवाज आला की क्रॉस बोलतोय असं समजा.

डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा नळ अधूनमधून सोडा. एअर फिल्टरला ऊसतोडीच्या हंगामात कच्च्या रस्त्याची धूळ लागते, तेव्हा पुस्तकातल्या किलोमीटरची वाट बघू नका. हवा मारायची तर आतून बाहेर, लांबून आणि हलक्या दाबाने. जत-आटपाडीकडच्या मंडळींनो, रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. त्यातले क्षार आत पापुद्रा धरतात आणि मग मे महिन्यात इंजिन तापलं म्हणून थर्मोस्टॅटला दोष देता. कूलंट घाला.

टायरवर चार आकडे असतात, २३२३ म्हणजे २०२३ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांचं रबर कडक होतं. पुढच्या चाकांना रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेले) टायर टाकू नका, एवढं माझं ऐका.

बीएस-६ गाडीत युरिया घालतात तो आपल्या गोठ्यातल्या पोत्यातला चालतो का?

हसू नका, हे करून बघणारे भेटलेत. ज्या गाडीला वेगळी टाकी आहे तिच्यात लागतं ते ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध पाण्यातलं द्रावण. खताच्या युरियातले बाकीचे घटक नोझल आणि आतला कॅटॅलिस्ट संपवतात. त्या दुरुस्तीच्या बिलात एक बरी म्हैस येईल.

सायलेन्सरमधल्या काजळीच्या फिल्टरचा दिवा लागला तर हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं एका वेगाने गाडी चालवा, मध्येच बंद करू नका. दिवसभर गावातल्या गावात दूध गोळा करणाऱ्यांना हा त्रास जास्त. फिल्टर काढून पोकळ नळी बसवून देणारे आहेत. तो बेकायदा बदल आहे आणि वॉरंटीही जाते.

लायसन्स, परमिट, फिटनेस?

पटकन सांगतो. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. छोटा हत्ती त्यात बसतो, मोठ्या पिकअप बसत नाहीत. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

पुरात गाडी बुडाली होती. चालू करून बघू?

किल्लीला हातच लावू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, तेव्हा सांगलीत ओळीने गाड्या पाण्याखाली होत्या. बुडाल्यामुळे जेवढी इंजिनं गेली नाहीत तेवढी पाणी ओसरल्यावर सेल्फ मारल्यामुळे गेली. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असतं, पाणी दबत नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय विमा कंपनी म्हणते, हे पुराने नाही, तुम्ही चालू केल्याने झालं. इंजिनाचं जादा संरक्षण घेतलेलं नसेल तर दावा अडकतो.

बॅटरीची तार काढा, पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, टोइंग करून न्या. इंजिन ऑइलबरोबर गिअर बॉक्स आणि हाउसिंगचं ऑइलही बघा. दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय.

जुनी पिकअप घ्यायला निघालोय. काय बघू?

रंग आणि सीट कव्हर बघू नका. खाली झोपून चेसिसवर वेल्डिंगचे टाके आहेत का बघा, पाट्यांची पानं मोजा, हाउसिंगला ओल आहे का बघा. सीटखालचा गालिचा उचलून चिखलाची रेघ शोधा. आमच्या भागात ती बरंच काही सांगते. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय, आणि कर्ज असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव लावायला उशीर केलात तर अपघाताचं लफडं जुन्या मालकाच्या गळ्यात पडतं, आणि रिकॉलचं पत्रही त्याच्याच दारात.

आणि विकणाऱ्याच्या अंगणात उभे असतानाच सर्व्हिस सेंटरला फोन लावा, चेसिस नंबर सांगा आणि विचारा, "हिचं काही बाकी आहे का?" काम बाकी निघालं तरी व्यवहार मोडायचं कारण नाही. ते काम करून, जॉबकार्डसह गाडी द्या एवढंच त्याला म्हणा.